पुरानंतर बिल्डिंगमध्ये आलेली मांजरं, पिंजरा अन् बाकी सगळं

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेचा पाऊस नागपुरातल्या कोणाला वेगळा सांगायला नको. चार तासात शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी लोकांच्या बेडरूमपर्यंत शिरली. आमची बिल्डिंग गोकुळपेठ बाजाराच्या मागे, जराशी उंचावर, त्यामुळे पाणी गेटपर्यंत येऊन थांबलं. पण पुढच्या आठ-दहा दिवसात पार्किंगमध्ये मांजरं दिसायला लागली. खालच्या भागातून पाण्याच्या भीतीने वर सरकलेली असणार. आधी दोन, मग चार, अन् कोजागिरीच्या आसपास मीटर रूमच्या मागून चूंचूं आवाज यायला लागला तेव्हा कळलं की पिल्लंही आहेत.

मी कोणत्या प्राणीसंस्थेत नाही, नोकरी करते, घरी सासूबाई अन् शाळेत जाणारा मुलगा आहे. मोकाट मांजरं पकडणं, नसबंदी करून परत जागेवर सोडणं, पिल्लांना घरं शोधणं, मला यातलं काहीच माहिती नव्हतं. जे माहिती झालं ते दहा जणांना फोन करून, वेगवेगळ्या ठिकाणी विचारून तुकड्यातुकड्यात मिळालं, म्हणून ते सलग लिहून काढतेय.

सगळ्यात आधी कोणती मांजरं होती ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं. नावं आमच्या वॉचमनभाऊंच्या पोरांनी ठेवलेली. तिरंगी म्हणजे पांढरी-काळी-केशरी, पिल्लांची आई. तीन रंगांची मांजर जवळपास नेहमी मादीच असते हे मला तेव्हा कळलं. काळी, जी माणूस दिसला की दिसेनाशीच व्हायची. गुलाब्या, मोठ्या डोक्याचा केशरी बोका. लंगड्या, पांढरा बोका, मागचा एक पाय ओढत चालायचा. अन् भुरी. भुरीचं वेगळंच होतं, ती पहिल्या दिवसापासून पायात घुटमळायची, मांडीवर चढायची, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला की धावत यायची. अन् चार पिल्लं.

पहिला शहाणपणाचा सल्ला मला एका व्हेटकडून मिळाला अन् तोच मी आता सगळ्यांना देते: मांजर पकडायच्या आधी ती परत कुठे जाणार ते ठरवा. हरवलेली पाळीव आहे तर मालकाकडे, लहान पिल्लू आहे तर घरी, अन् मोठी झालेली रानटी मांजर असेल तर ऑपरेशन करून आपल्याच जागेवर. पिल्लू साधारण दोन ते सात-आठ आठवड्यांचं असतं तेव्हा माणसाच्या हाताची सवय लागते, तो काळ गेला की फार अवघड जातं. मोठ्या रानटी मांजरीला "चांगलं घर" म्हणून कोणाच्या फ्लॅटमध्ये ठेवलं तर ती आठवडेच्या आठवडे पलंगाखाली बसून राहते, खात नाही. तिच्यासाठी ते घर नाहीच.

म्हणून भुरीपासून सुरुवात केली. ती कोणाची तरी असणार हे दिसतच होतं. एक साधा कागद तयार केला, फोटो, "पुरानंतर सापडलेली मांजर", माझा नंबर. झेरॉक्स काढून अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागातल्या किराणा दुकानांत, दूध केंद्रांवर, पानठेल्यांवर लावल्या. एक गोष्ट मुद्दाम केली ती सांगते: तिच्या शेपटीचं टोक वाकडं आहे, ते ना कागदावर लिहिलं ना फोटोत दिसू दिलं. कोणी फोन केला की आधी विचारायचं, काही खूण सांगता का, जुना फोटो आहे का. दोन फोन असे आले ज्यांना खूण सांगता आली नाही, त्यांना मी नाही म्हटलं. मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला, त्यांनी मी विचारायच्या आधीच शेपटीचं सांगितलं अन् रडायलाच लागल्या. तळमजल्यावर राहायचे, घरात कमरेएवढं पाणी, आता काटोल रोडला भाड्याने गेले होते, मांजर वाहून गेली असंच धरून चालले होते. संध्याकाळी नवरा-बायको दोघं आले, बास्केट घेऊन. भुरी त्यांच्या आवाजाला जी धावली ते पाहून माझ्या सासूबाई, ज्या तोवर "कायले या नसत्या उठाठेवी" म्हणत होत्या, त्या आत जाऊन चहा टाकायला लागल्या.

मग खरा प्रश्न, नसबंदी करणार कोण. महापालिकेच्या एका ऑफिसात गेले, तिथे कळलं की त्यांचा कार्यक्रम मोकाट कुत्र्यांसाठी चालतो, मांजरांसाठी तेव्हा काही नव्हतं. तरी अर्ज दिलाच, आवक शिक्का मारून एक प्रत घेतली. तुम्हीही घ्या, पुढे सोसायटीत कोणी "महापालिकेला कळवलं का" विचारलं की दाखवायला होते. मग सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला गेले, 1958 पासूनचं कॉलेज आहे, माफसू म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं, अन् तिथल्या दवाखान्यात नागपूरच काय, आसपासच्या गावांतूनही लोक गाई, शेळ्या, कुत्रे घेऊन येतात. लंगड्याचा पाय दाखवायला तिथे नेण्याचं ठरवलं. बाकीच्या ऑपरेशनसाठी घराजवळचे एक खाजगी व्हेट तयार झाले. रानटी मांजर घ्यायला बरेच जण तयार नसतात हे लक्षात ठेवा, हाताळता येत नाही अन् चावण्याची भीती असते. त्यांच्या अटी स्पष्ट होत्या: मांजर पिंजऱ्यातच आणायची, सकाळी नऊच्या आत, आदल्या रात्रीपासून उपाशी, अन् आदल्या दिवशी फोन करून. रस्त्यावरची मांजरं म्हणून रेट कमी केला, मादीचे 3500 अन् बोक्याचे 1800, त्यात भूल, कानाचं टोक (नसबंदी झाल्याची खूण म्हणून कापतात ते), अँटिबायोटिकचं इंजेक्शन सगळं आलं.

सोसायटीची मीटिंग दिवाळीच्या आधीच्या रविवारी झाली. मला वाटलं होतं भांडण होईल, झालं थोडं. खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार खरी होती, त्यांच्या दारासमोर घाण व्हायची अन् बोके रात्रभर केकाटायचे. एक जण म्हणाले, गाडीत घालून गोरेवाड्याच्या जंगलात सोडून द्या, तिथे खातील काहीतरी. यावर मी तयारी करून गेले होते. गोरेवाड्यात बिबटे आहेत, अन् शहरातल्या मांजरीला जंगलात ना पाणी सापडत ना लपायला जागा. शिवाय प्राणी असा सोडून देणं की तो उपाशी-तहानेने हाल होऊन मरेल, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 खाली गुन्हा आहे. अन् कायदा बाजूला ठेवला तरी उपयोग शून्य: कचरा, उंदीर, आडोसा जिथे आहे तिथे एक मांजर गेली की दुसरी येते, अन् ती नवीन मांजर ऑपरेशन न झालेली असते. 2023 च्या नवीन प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीच्या आवारातल्या अशा प्राण्यांच्या खाण्याची सोय सोसायटीने करून द्यावी असंही म्हटलंय, त्याची प्रिंट मी सेक्रेटरी काकांना दिली. पण खरं सांगू का, काकूंना पटलं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. मी म्हटलं, काकू, ऑपरेशननंतर बोक्यांचं केकाटणं, भांडणं अन् तो उग्र वास मारणं बरंच कमी होतं, अन् खायला द्यायची जागा तुमच्या दारापासून उचलून मागे जनरेटरजवळ नेते, रोज झाडते. त्या म्हणाल्या, "बरं, होळीपर्यंत पाहते मी." ठराव झाला, वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तोंडी परवानगीवर थांबू नका. फंडातून 4500 मिळाले.

दिवाळीच्या फटाक्यांत तिरंगीने पिल्लं मीटर रूममधून उचलून गच्चीवरच्या टाकीखाली नेली. हे माझ्या पथ्यावरच पडलं, कारण तिथून दुसरीकडे जायला जागा नव्हती. भाऊबीज झाल्यावर, पिल्लं अंदाजे सहा आठवड्यांची अन् स्वतः खायला लागलेली असताना, ती उचलली. त्याआधी, अगदी लहान असताना उचलायचा मोह होतो, तो आवरा. आई सांभाळत असेल तर तिच्याजवळच राहू द्या, तिच्याइतकं चांगलं आपण करू शकत नाही. अन् आई नसेलच तर गाईचं दूध देऊ नका, जुलाब होतात, मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते ती आणा, अन् खूप लहान असतील तर ऊब आधी, दूध नंतर.

आमचं कॉमन बाथरूम पिल्लांना दिलं. त्यातून फिनाईल पूर्ण बंद केलं, मांजरांना ते विषारी आहे, चाटून अंगात जातं. घरातल्या सगळ्यांना अजून एक ताकीद दिली: ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा थेंबसुद्धा नाही, मांजर मरते त्याने. पहिले दोन दिवस चौघंही कमोडच्या मागे फिस्कारत बसलेले. मुलगा रोज संध्याकाळी जमिनीवर बसून अभ्यास मोठ्याने वाचायचा, त्यांच्याकडे पाहायचं नाही एवढाच नियम, अन् चमच्याला काठी बांधून त्यावर उकडलेल्या चिकनचा लगदा द्यायचा. काठी हळूहळू आखूड करत गेलो. दोघं केशरी सगळ्यात आधी आले, मग छोटी तिरंगी, काळं पिल्लू सगळ्यात शेवटी.

तेच गेलं. नोव्हेंबर संपत आला होता, सकाळी उलट्या, दुपारी मान टाकली, अंग गार. व्हेटनी रक्त पाहिलं, पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच, पॅनल्युकोपेनिया म्हणाले, मांजरांचा पार्वो. सलाईन लावलं, रात्रभर गरम पाण्याची पिशवी बदलत बसलो अन् दुसऱ्या दिवशी ते गेलं. तळहाताएवढा जीव. मुलाने त्या दिवशी शाळेचा डबा तसाच परत आणला. मी फार लिहीत नाही याबद्दल, पण तुम्ही पिल्लं सांभाळणार असाल तर हा आजार माहिती हवा. त्याचा विषाणू जागेवर वर्षभरसुद्धा टिकू शकतो, साध्या साबणाने जात नाही, ब्लीच लागतं, एक लिटर पाण्याला साधारण 30 मिली, दहा मिनिटं ठेवून मग भरपूर पाण्याने धुवायचं, पिल्लांना दुसऱ्या खोलीत ठेवून. चटया, खोके, सुती कपडे सगळं टाकून दिलं. उरलेल्या तिघांची रोज दोन वेळा खाण्याची नोंद, तापमान. दहा-बारा दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. तिघं राहिले. डिसेंबरच्या मध्यावर ट्रायकॅट या लसीचा पहिला डोस झाला, तेव्हा मी क्लिनिकच्या बाहेर येऊन बराच वेळ गाडीवर नुसती बसून होते.

मोठ्यांच्या पकडण्याची तयारी मधल्या काळात चालूच होती. पिंजरा ऑनलाइन महाग पडत होता म्हणून ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, 1900 रुपये. तीन फूट लांब, फूटभर रुंद-उंच, आत पाय ठेवला की दाबली जाणारी पाटी अन् वरून खाली पडणारं दार, मागच्या बाजूला सरकवायचं दुसरं दार. जाळीचं भोक एक इंचापेक्षा लहान ठेवा, नाहीतर घाबरलेली मांजर त्यात नखं अन् दात अडकवून जखमी होते. दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून घेतली म्हणजे शेपटीवर पडलं तरी लागू नये.

मग लगेच मांजर न पकडता पिंजरा नुसता ठेवून द्यायचा. दार तारेने वर बांधून टाकलं अन् रोज रात्री आठला, एकाच वेळी, खाणं आधी पिंजऱ्यासमोर, मग दारात, मग आत, मग अगदी मागच्या टोकाला. वॉचमनभाऊ यात माझ्यापेक्षा तरबेज निघाले. वही त्यांच्याकडेच दिली, कोण कधी आलं, कोण आत गेलं, कोण बाहेरच राहिलं. "ताई, थे काळी आज पिंजऱ्यालगत बसून पाहून रायली होती, पन आत नाई गेली," असं रोजचं कळायचं. चारा म्हणून सगळ्यात चाललं ते भाजलेलं सुकट, वास लांबवर जातो, अन् मिठा-हळदीशिवाय उकडलेली कलेजी. कांदा-लसूण घातलेलं घरचं मटण-चिकन देऊ नका, मांजरांच्या रक्तावर परिणाम होतो.

स्वतःसाठी एक काम आधीच उरकलं, रेबीजची आगाऊ लस. हे काम करणाऱ्यांनी नक्की घ्यावी. ज्यांनी आधी घेतलेली असते त्यांना नंतर चावलं-ओरबाडलं तर फक्त दोन डोस लागतात, पहिल्या दिवशी अन् त्यानंतर तीन दिवसांनी, अन् जखमेत भरायचं ते महागडं सीरम लागत नाही. याचा उपयोग झालाच, पुढे येतंय.

डिसेंबरात पकडायचं ठरवण्यामागे कारण थंडी होतं. एप्रिल-मेमध्ये नागपुरात पत्र्याखाली ठेवलेल्या पिंजऱ्यात मांजर उष्माघाताने जाऊ शकते, तेव्हा पकडायचं झालंच तर फक्त पहाटे, अन् पिंजरा एक मिनिटही नजरेआड नाही. डिसेंबरची अडचण दुसरी निघाली. 7 ते 20 डिसेंबर हिवाळी अधिवेशन, रस्ते बंद, मोर्चे, सिव्हिल लाइन्सकडून जायचं म्हणजे विचारूच नका. व्हेट जवळ होते म्हणून वाचलो, लंगड्याला सेमिनरी हिल्सला न्यायचं मात्र अधिवेशन संपेपर्यंत थांबवलं.

पहिल्या रात्री तिरंगी आली. खटकन दार पडलं अन् ती आत इतकी उसळली की माझे हातपाय गार पडले. लगेच वरून जुनी जाड चादर टाकली अन् अंधार झाल्यावर दोन-तीन मिनिटात ती शांत बसली. चादर आधीच हातात तयार ठेवा. रात्री पिंजरा आमच्या बाल्कनीत, खाली रद्दी पेपर, पाणी सांडणार नाही इतपतच, खाणं बंद. सकाळी ऑटो. दोन ऑटोवाले पिंजरा पाहून निघून गेले, तिसऱ्याने नेलं, वर म्हणाला, "आमच्याइथं बी लय झाल्या मॅडम, नंबर द्या डॉक्टरचा."

क्लिनिकमध्ये संमतीपत्रावर "मालकाचं नाव" असा रकाना असतो. मी माझं नाव घातलं अन् पुढे "देखभाल करणारी" लिहिलं, व्हेटनीच तसं सुचवलं. फोन चालू ठेवा हे त्यांनी बजावून सांगितलं होतं अन् साडेअकराला फोन आलाच. तिरंगी पुन्हा गाभण होती, तीनेक आठवडे झाले असतील, काय करायचं. मांजर पिल्लांना पाजत असतानाही गाभण राहू शकते अन् दिवस जेमतेम नऊ आठवड्यांचे. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. पुढे करा म्हटलं. त्या निर्णयाबद्दल मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण पुन्हा वेळ आली तरी मी तेच सांगेन. आदल्याच आठवड्यात बाथरूममध्ये जे पाहिलं होतं ते पुन्हा गच्चीवर, कोणाच्या नजरेला न पडता, चार-पाच जिवांचं व्हायला नको होतं. हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल, म्हणून आधीच घरात बोलून ठेवा.

टाके कुशीच्या बाजूने घातले होते, पोटावर नाही. पाजणाऱ्या मादीला ते बरं, अन् रानटी मांजरीला हात न लावता लांबूनही जखम दिसते. टाके विरघळणारे. डाव्या कानाचं टोक भुलीतच सरळ कापलेलं. लोकांना ते पाहून कसंसंच होतं, माझ्या सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, पण ती खूण नसेल तर कोणीतरी पुढच्या वर्षी पुन्हा तिला पकडून पुन्हा भूल देऊन पोट उघडेल. भुलीनंतर अंगाचं तापमान उतरतं अन् त्या रात्री नागपूरची थंडी, त्यामुळे पिंजरा घरात, खाली पुठ्ठा, त्यावर चादर, एका बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. नीट शुद्धीवर येऊन मान धरायला लागल्याशिवाय खाणं-पाणी नाही. मादीला तीन रात्री ठेवलं, बोक्यांना एक. पिंजरा साफ करायला मागच्या दाराने पेपर ओढून काढायचा अन् दुसरा सरकवायचा, मांजरीला बाहेर काढायचं नाहीच.

गुलाब्या दुसऱ्याच आठवड्यात आला, सुकटाच्या वासाने थेट आत. चादर घालताना जाळीतून पंजा मारला, मनगटावर ओरखडा, रक्त. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतलं, मग मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेले. केस पेपर, तिथून लसीच्या खोलीत, रांग होती पण सरकत होती, आगाऊ लसीचं कार्ड दाखवल्यावर दोन डोसचं लिहून दिलं. पैसे लागले नाहीत. कार्ड जपून ठेवा, फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा.

लंगड्या नाताळनंतर सापडला. व्हेटर्नरी कॉलेजात एक्स-रे काढला, जुनं फ्रॅक्चर, वाकडं जुळून गेलेलं, दुखत नाहीये, छेडू नका म्हणाले. तिथे सकाळी लवकर जा, केस पेपरची रांग लवकर वाढते, अन् पिंजऱ्यावर चादर घट्ट ठेवा, आजूबाजूला कुत्रे असतात. त्याचं ऑपरेशन आमच्या व्हेटकडेच झालं.

राहिली काळी. बाकी सगळ्यांना पकडताना तिने पाहिलं होतं. पिंजऱ्याच्या चार फुटांवर बसून राहायची, सुकट असो की कलेजी. संक्रांतीच्या आठवड्यात तर प्रयत्नच केला नाही, गच्चीवर पोट्टे, डीजे, अन् सगळीकडे लोंबणारा मांजा, उलट ते तुकडे गोळा करण्यात वेळ गेला. नंतर दुसरी युक्ती केली. पीव्हीसी पाइपची तीन बाय तीनची चौकट, फूटभर उंच, वरून अन् बाजूंनी मऊ जाळी, एक कड काठीवर टेकवलेली, काठीला सुतळी. खालच्या पाइपात वाळू भरली, नाहीतर मांजर डोक्याने उचलून निघून जाते. सुतळीचं टोक घेऊन वॉचमनभाऊ जनरेटरमागे बसायचे. किती रात्री बसले त्यांनाच माहिती, दर वेळी म्हणायचे, "घाई नाई करायची ताई, तिले पोटभर खाऊ द्या आधी." जानेवारीच्या शेवटी ती पूर्ण आत येऊन, पाठ करून खायला लागली तेव्हाच त्यांनी ओढली. वरून चादर, मग कडेच्या झडपेला पिंजऱ्याचं मागचं दार लावून तिला अंधाराकडून पिंजऱ्यात सरकवलं. तिच्या गर्भाशयात पू व्हायला सुरुवात झाली होती, व्हेट म्हणाले अजून महिना-दोन महिने गेले असते तर वाचली नसती. मी घरी येऊन वॉचमनभाऊंना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, नुसते मान हलवत राहिले.

सोडायचं तिथेच, जिथे पकडलं. पिंजऱ्याचं तोंड रस्त्याच्या विरुद्ध दिशेला करून दार उघडायचं अन् बाजूला व्हायचं. हे पाहून शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकाने विचारलं, एवढे पैसे घालवून परत इथेच सोडता, मग मिळवलं काय? मी त्याला वही दाखवली. काळी सोडल्यावर दोन दिवस दिसली नाही, तिसऱ्या रात्री आठ वाजता आपल्या जागेवर येऊन बसली, गुलाब्याच्या शेजारी. हे दोघं आधी एकमेकांना दिसले की भांडायचे.

पिल्लांची घरं फेब्रुवारीत मिळाली. बूस्टर अन् रेबीजची लस झाल्याशिवाय देणार नाही असं आधीपासून सांगत होते. फोन भरपूर आले. पैसे किती, पर्शियन मिक्स आहे का, केशरीच हवं कारण रील चांगली येते. इतवारीतल्या एका धान्य दुकानवाल्यांना उंदरांसाठी हवं होतं, माणूस भला होता, पण दुकान रात्री बंद अन् मांजर बाहेर, हे मला चालणार नव्हतं. मी विचारायचे ते साधे प्रश्न: घरात सगळ्यांना हवंय का, खिडक्यांना काय आहे, गावाला गेलात तर कोण पाहील, आधीच्या मांजरीचं काय झालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका.

दोघं केशरी एकत्रच द्यायचे ठरवले होते, ते मनीष नगरच्या एका कुटुंबाकडे गेले. पाचवा मजला. बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी होती, ती मांजर कुरतडते, म्हणून लोखंडी जाळी लावा मग नेते असं सांगितलं. मला वाटलं आता फोन येणार नाही, पण दहा दिवसांनी जाळीचा फोटो आला. छोटी तिरंगी प्रताप नगरच्या एका रिटायर्ड जोडप्याकडे. साध्या कागदावर लिहून घेतलं: आधारची झेरॉक्स, सहा महिन्यांच्या आत नसबंदी, परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, नाही जमलं तर माझ्याकडे परत. हजार रुपये डिपॉझिट, ऑपरेशनचा कागद दाखवला की परत. तिघांचेही परत केले, एप्रिलपर्यंत. निरोपाच्या दिवशी मुलाने त्यांच्यासोबत आपला जुना टी-शर्ट दिला, वासाची ओळख राहावी म्हणून, अन् ते खरंच उपयोगी पडतं, नवीन घरात पहिली रात्र ते त्यावरच झोपले.

हिशोब विचारतात म्हणून: पिंजरा, चार ऑपरेशनं, पिल्लांच्या लसी अन् तपासण्या, माझी लस, ऑटो, खाणं सगळं मिळून साधारण 22 हजार. फंडाचे 4500, शेजाऱ्यांनी दिलेले थोडे, बाकी माझे. पावत्या एका पाकिटात ठेवल्यात, सोसायटीला दाखवल्या. होळीनंतर काकूंना विचारलं, रात्री झोप लागते का. लागते म्हणाल्या, पण जनरेटरजवळचं भांडं दुपारी कोरडं असतं, उन्हाळा आहे, मातीचं मोठं घे. घेतलं. आता ते भरायचं काम त्यांच्याकडे आहे.

पिंजरा सध्या त्या ऑटोवाल्या दादांकडे आहे, त्यांच्या वस्तीतल्या दोन माद्या झाल्यात, एक राहिलीय. त्यांच्यानंतर रामनगरच्या एका ताईंचा नंबर आहे. कोणाला हवा असेल तर 500 रुपये डिपॉझिट, अन् परत करताना ब्लीचने धुवून, उन्हात वाळवून.